लुआरच्या काठी कुणाचं ऐकायचं?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. बरंच मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा देते:

"मी शाळेत इतिहास शिकवते, वय ५३. मिस्टर ५७ वर्षांचे आणि सायकलवेडे. गेल्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पूर्ण करून ते सुपर रँडोनर झाले. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं फ्रान्सला, लुआर नदीच्या काठाने सायकलवरून फिरणार आहोत. हातात दहा दिवस. त्यांचं ठरून गेलंय: नव्हेरहून निघायचं, रोज नव्वद-शंभर किलोमीटर कापायचे आणि दहाव्या दिवशी समुद्र गाठायचा. वाटेतल्या राजवाड्यांबद्दल त्यांचं म्हणणं, 'फोटो काढू आणि पुढे निघू.' मला आत जायचंय हो! सोबत माझी यादी जोडते, सोळा नावं आहेत. शिवाय गुडघा कुरकुरतो, रोज चाळीसच्या वर झेपणार नाही. तसं म्हटलं तर म्हणतात, 'मग तू गाडीने ये.' कुणाचं चुकतंय? ता. क. आम्ही शाकाहारी आहोत. सोबत खायला काय न्यावं?"

ताई, नमस्कार.

आधी मिस्टरांची बाजू घेते, कारण तुमच्या पत्रात ती फारशी आलेली नाही. ब्रेव्हे हा प्रकार मुळात फ्रेंचच. ठरलेलं अंतर, ठरलेली वेळ आणि वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही या मंडळींची पंढरी. आता ती दर चार वर्षांनी असते, १२०० किलोमीटर ९० तासांच्या आत संपवायचे असतात, आणि महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात. या शिस्तीत तयार झालेल्या माणसाला नकाशावर राजवाडा दिसला की तो कंट्रोल पॉइंट वाटतो. शिक्का मारा, बाटली भरा, निघा. यात तुमच्या इतिहासाचा अपमान नाही, ती सवय आहे. 'तू गाडीने ये' हे मात्र चुकलंच. माझं नाव सांगून सांगा त्यांना.

आता त्यांचं मन वळवायचं कसं? इतिहासाचा मुद्दा काढू नका, तो ते तुमचा हट्ट समजतील. वाऱ्याचा काढा. लुआरकाठचा सायकलमार्ग नव्हेरजवळून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोवेलो ६ या लांब मार्गाचा तो मोठा भाग. नदी समुद्राकडे वाहते, म्हणून आपणही तिकडेच जावं, असं कुणालाही वाटतं. पण या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडूनच येतो. नव्हेरची उंची दोनशे मीटरच्या आसपास. तेवढा उतार शेकडो किलोमीटरांत वाटला गेला की पायाला त्याचा पत्ताही लागत नाही, छातीवरचा वारा मात्र रोज लागतो. मिस्टर रोज शंभर करतील हो, पण तुम्ही त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून, मान खाली घालून दहा दिवस काढाल. सुपर रँडोनरला हे गणित एका मिनिटात कळतं.

म्हणून माझं सांगणं: पश्चिमेकडून पूर्वेकडे चला, आणि अख्खी नदी नको. सोम्युरला सुरुवात करा, ब्लुआला संपवा. काठाकाठाने हे अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर भरतं. युनेस्कोने २००० साली लुआरच्या खोऱ्याचा जो पट्टा जागतिक वारसा म्हणून घेतला, त्याचा हा मधला भाग. यात काय हुकेल तेही सांगते. नव्हेरच्या बाजूला ब्रियारचा कालव्याचा पूल आहे, १८९६ सालचा, ६६२ मीटर लांब. त्यावरून बोटी जातात आणि खालून लुआर वाहते. तो राहील याची मला तुमच्यापेक्षा जास्त हळहळ आहे. समुद्रही राहील. पण समुद्र कोकणात आहे.

मुक्काम असे धरा: सोम्युर दोन रात्री, शिनों दोन, आझे-ल-रिदो एक, आंब्वाज तीन, ब्लुआ दोन. तुमच्या वाट्याला बहुतेक दिवशी पंचवीस ते चाळीस किलोमीटर येतील. एकच दिवस पन्नास-पंचावन्नच्या घरात जाईल, आझेहून तूर शहरातून आंब्वाजला जाल तेव्हा. तोही सपाट आहे.

मिस्टरांच्या किलोमीटरचं काय? जूनमध्ये तिथे सहाच्या सुमाराला उजाडतं आणि रात्री पावणेदहा-दहापर्यंत उजेड असतो. राजवाड्यांचे दरवाजे नऊ-साडेनऊच्या आधी उघडत नाहीत. सकाळचे हे तीन तास त्यांचे. आंब्वाजहून दक्षिणेला लोश आहे, पस्तीसेक किलोमीटरवर. तिथला अकराव्या शतकातला बुरूज ३६ मीटर उंच आहे, आंजूचा सरदार फुल्क नेरा याच्या काळातला. जाऊन-येऊन सत्तर. तो बुरूज त्या वेळी बंद असतो, पण बाहेरून फोटो काढायला काय हरकत आहे? त्यांना तेवढंच तर हवं होतं. शिनोंहून रिशल्यूला जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट जाते, एका बाजूने वीसेक किलोमीटर. रिशल्यू म्हणजे फ्रान्सच्या राजाचा मंत्री कार्डिनल रिशल्यू याने १६३१ पासून आखून वसवलेलं गाव, सगळे रस्ते काटकोनात. त्याचा स्वतःचा राजवाडा पुढे लोकांनी दगडांसाठी पाडून नेला, गाव मात्र राहिलं. संध्याकाळी जेवणाआधी आणखी एक फेरी झाली तर दहा दिवसांत त्यांचे सहाशे सहज भरतील. म्हणजे आणखी एक ब्रेव्हे, फक्त शिक्के नाहीत.

आता तुमची यादी. ताई, सोळा म्हणजे तुम्हीही ब्रेव्हेच काढलीत की. तिसऱ्या राजवाड्यानंतर पलंग, पडदे आणि शिकारीचे गालिचे एकमेकांत मिसळतात आणि कुठला हेन्री कुठल्या खोलीत मेला ते आठवेनासं होतं. दिवसाला एक, आणि दोन दिवस कोरडे. मी कुठे वेळ घालवेन ते सांगते, बाकीचं तुम्ही कापा.

सर्वांत जास्त वेळ फोंतव्रोच्या मठाला द्या. सोम्युरहून नदीच्या दक्षिण काठाने निघालात की उजव्या हाताला पांढऱ्या चुनखडीचे कडे लागतात. त्या दगडाला तिथे तुफो म्हणतात. मऊ असतो, करवतीने कापता येतो. याच कड्यांतून दगड काढून राजवाडे उभे राहिले, आणि मागे उरलेल्या गुहांत कुणी घरं केली, कुणी वाइन ठेवली, कुणी अळंबी पिकवली. त्युर्कांसारख्या गावात अजूनही घराचं दार कड्यातच उघडतं. राजवाडे कशातून आले ते आधी बघा, राजवाडे मागून. मग मोंसोरो गाव, आणि त्याला लागूनच कांद-सँ-मार्तँ, जिथे व्हिएन नदी लुआरला मिळते. तूरचे बिशप संत मार्तँ इथेच ३९७ साली वारले. आख्यायिका अशी, की पार्थिव कुणी न्यायचं यावरून तूर आणि प्वातिए इथल्या लोकांत वाद जुंपला, आणि प्वातिएचे लोक झोपलेले असताना तूरकरांनी संतांना खिडकीतून बाहेर काढून नावेत घालून पळवलं. चर्चच्या पायरीवर बसून संगम बघा, पण लुआरमध्ये उतरू मात्र नका. वाळू पायाखालून सरकते, वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात दरवर्षी माणसं जातात.

तिथून चारपाच किलोमीटर चढून आत गेलं की फोंतव्रो. स्थापना ११०१ ची. इथे साधू आणि साध्वी एकाच संस्थेत होते आणि सगळ्यांवर हुकमत मठाध्यक्षा बाईची. सात शतकं. पुढे नेपोलियनने १८०४ साली त्याचा तुरुंग केला आणि तो १९६३ पर्यंत तुरुंगच होता. चर्चच्या रिकाम्या, पांढऱ्या पोकळीत चार रंगीत आकृत्या आडव्या आहेत, तीन दगडी आणि एक लाकडी: इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची राणी अ‍ॅक्विटेनची एलिनॉर, मुलगा रिचर्ड, आणि लाकडातली ती सून इझाबेला. हेन्रीने या एलिनॉरला, मुलांच्या बंडात सामील झाली म्हणून, पंधराएक वर्षं नजरकैदेत ठेवलं होतं. तो ११८९ साली जवळच शिनोंच्या किल्ल्यात वारला, ती त्यानंतर पंधरा वर्षं जगली. आता दोघं शेजारी शेजारी आहेत. हेन्री डोळे मिटून पडलाय आणि ती पुस्तक उघडून वाचतेय. बाराव्या-तेराव्या शतकातल्या राणीची वाचणारी मूर्ती बघायला मी शंभर किलोमीटरसुद्धा चालवीन. मिस्टरांनाही आत न्याच.

शिनोंचा किल्ला आपल्या डोळ्यांना ओळखीचा वाटेल: डोंगराची सोंड, तट, बुरूज, खाली नदी. १४२९ साली जोन ऑफ आर्क इथेच राजपुत्र चार्ल्सला भेटली. हे मुद्दाम सांगते, कारण राजगड-रायगड बघितलेली माणसं शाम्बोरला जाऊन 'यात लढायचं कुठून?' असं विचारतात. लढायचं नसतंच. लोश आणि शिनों हे किल्ले, शाम्बोर आणि शनोंसो ही हौस.

शनोंसो ही हौस मात्र फार देखणी आहे. शेर नदीवर आडवा बांधलेला महाल. राजा दुसरा हेन्री (हा फ्रान्सचा) याने तो आपली मैत्रीण दियान द प्वातिए हिला दिला. तिने नदीवर पूल बांधला. १५५९ साली राजा गेल्यावर राणी कॅथरिन द मेदिचीने दियानकडून महाल काढून घेतला, बदल्यात शोमोंचा दिला, आणि त्याच पुलावर साठ मीटर लांबीचं दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात शेर नदीच जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्समधली सीमा झाली, म्हणजे पुढचं दार एका हद्दीत आणि दालनाच्या टोकाचं दार दुसऱ्या. सातवी-आठवीच्या मुलांना महायुद्ध शिकवायला यापेक्षा चांगली खोली मिळायची नाही. आंब्वाजहून जंगलातून पंधराएक किलोमीटर, थोडा चढ. दार उघडायच्या वेळेलाच पोचा, अकरानंतर बसगाड्या येतात.

शाम्बोरला मिस्टरांचं ऐका. हो, खरंच. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सुआ याने १५१९ साली हे बांधकाम सुरू केलं, आणि सगळ्या कारकिर्दीत तो इथे राहिला जेमतेम ७२ दिवस. आत सामान तुरळक. बघायचं ते दोन एकमेकांत गुंफलेल्या वाटांचा जिना, ज्यात चढणारा आणि उतरणारा एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत, आणि धुराड्यांची गर्दी असलेली गच्ची. दीड तास पुरे. जिन्याची कल्पना लिओनार्दो दा विंचीची असं सांगतात. लिओनार्दो त्याच वर्षी मे महिन्यात आंब्वाजला वारला, म्हणून ते ठामपणे कुणी म्हणू नये. खरी मजा बाहेर आहे: ३२ किलोमीटरच्या भिंतीच्या आतलं जंगल आणि त्यातले रस्ते. ब्लुआहून जाताना झाडांमधून एकदम ती गच्ची उभी राहते, ते दृश्य सायकलवरूनच बघावं.

व्हिलांद्रीची भाजीपाल्याची बाग जरूर बघा. कोबी आणि वांगी नक्षीत लावलेली आहेत. फक्त ती सोळाव्या शतकातली समजू नका. १९०६ साली महाल विकत घेतलेल्या कार्व्हाय्यो या स्पॅनिश गृहस्थाने ती जुन्या धर्तीवर नव्याने मांडली. शव्हेर्नी मी गाळलं असतं, पण घरात कुणी टिनटिन वाचलं असेल तर कॅप्टन हॅडॉकचा वाडा तोच, दोन्ही बाजूंचे टोकाचे भाग वगळून. बाकी यादी माझ्या मते कापा. शेवटच्या दिवशी ब्लुआचा राजवाडा, जिथे २३ डिसेंबर १५८८ ला राजा तिसऱ्या हेन्रीने गीझच्या ड्यूकला बोलावून घेऊन मारवलं, तो स्टेशनपासून पायी अंतरावर आहे आणि तिथून पॅरिसला थेट गाड्या आहेत.

आता गुडघा. बॅटरीची सायकल भाड्याने घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. नदीकाठ सपाट असला तरी काठावरून वर पठारावर जाणारे चढ छोटे पण खडे आहेत, आणि फोंतव्रो त्यातल्याच एकावर आहे. तिथल्या कायद्याने मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते, तेव्हा सपाटीवर मिस्टर पुढे जातील. चढावर नाही. काही दुकानं सायकल एका गावात देतात आणि दुसऱ्या गावात परत घेतात; बुकिंग करताना हेच आधी विचारा. मिस्टरांना स्वतःची सायकल न्यायची असेल तर तिचं खोकं पॅरिसच्या हॉटेलात ठेवा आणि परतताना त्याच हॉटेलात उतरा. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे, कारण मार्गाचे काही तुकडे डांबरी नसून दाबलेल्या मुरमाचे आहेत, तिथे २५ चे टायर हात बधिर करतात. उत्तर काठाचा डी ९५२ हा रस्ता नकाशावर सरळ आणि मोहक दिसतो. त्यावर ट्रक असतात, टाळा. मुक्कामाला 'आक्वेय व्हेलो' अशी पाटी असलेली घरं बघा. ती मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात, सायकली रात्री कुलपात ठेवतात आणि पंक्चरचं सामान देतात.

रस्त्यावर उजव्या बाजूने चालवायचं हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. अडतं ते दुसऱ्याच नियमावर. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो शेताच्या बोळातून आलेला ट्रॅक्टर का असेना. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत म्हणून आपला हक्क, असं तिथे नाही. चौकटच्या आकाराची पिवळी पाटी दिसली की तो हक्क आपला. तिच्यावर काळी तिरकी रेघ आली की संपला. कानात इयरफोन घालून सायकल चालवणं बेकायदा आहे, आणि अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. पहाटेच्या फेरीसाठी ते मिस्टरांच्या खिशात हवंच.

वाटेतल्या गावांत भिंतींवर आडव्या रेघा आणि १८४६, १८५६, १८६६ ही सालं कोरलेली दिसतील. त्या लुआरच्या महापुरांच्या खुणा. गोदाकाठच्या माणसाला याबद्दल वेगळं सांगायला नको. तुम्ही ज्या उंच बांधावरून सायकल चालवाल तो बांध याच पुरांसाठी आहे. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो, आणि फ्रान्समधले सायकलवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बाटल्या भरतात. नळावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी असेल तर मात्र सोडा. फ्रेंचमध्ये ती 'नों पोताब्ल' अशी असते.

राहिलं जेवण. खेड्यातली खानावळ बारा ते दोन या वेळेत वाढते. दोनला स्वयंपाकघर बंद, मग राजा आला तरी कॉफीच. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्याही. म्हणून सकाळीच पाव, टोमॅटो आणि फळं घेऊन ठेवा. सोम्युरकडे भट्टीतून फुगून आलेला 'फुए' नावाचा पाव मिळतो, आपल्या भाकरीसारखा पोकळ. त्यात डुकराचं मांस भरायची पद्धत आहे, पण अळंबी, पांढरा घेवडा किंवा बकरीचं चीज भरूनही देतात, आधी सांगा म्हणजे झालं. चीजच्या बाबतीत एक गोष्ट: तिथली बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. तुमचं शाकाहार किती कडक आहे ते तुम्ही ठरवा. अंडं चालत असेल तर कुठल्याही खानावळीत ऑम्लेट मिळतं आणि प्रश्न मिटतो.

घरून भडंग, खाकरा, मेथीची पूड, शेंगदाण्याची चिक्की न्या. पेढे, तूप, खवा नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, आणि विमानतळावर पिशवी उघडली तर ते टोपलीत जातात. लोणचं प्लास्टिकच्या बरणीत, दोनदा गुंडाळून, आणि तुमच्या पिशवीत ठेवा. मिस्टरांची पहाटे सत्तर किलोमीटर आदळत येते.